‘आम्ही’ आणि ‘आपण’

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरच्या बाजारात मराठी आणि तेलुगू शेजारी शेजारी बोलल्या जातात. मराठीतला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक तेलुगूतही आहे: ‘मेमु’ आणि ‘मनम’. प्रमाण हिंदीत एकच ‘हम’. समोरच्याला आपल्यात धरायचं की वगळायचं, हे ठरवल्याशिवाय आपलं पोर वाक्य पुरं करत नाही. हा प्रश्न व्याकरणाचा, तसाच तर्काचा आणि मेंदूचाही.

या तिन्हींचा एकत्र अभ्यास पदवीला ‘मायनर’ (दुय्यम विषय) म्हणून नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत व्हावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तशी वाट मोकळी केली आहे. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’नं सरावाची शिस्त लावली, तिचं मोल मोठंच. पण ‘सगळे पास झाले नाहीत’ या वाक्यातून दोन अर्थ का निघतात, यावर तासभर भांडायलाही मुलांना वर्ग हवा.