पिशवीवर वाडीचं नाव छापा

मे महिन्याच्या शेवटाला अलिबागकडच्या आमच्या बौद्धवाडीत पाय ठेवायला जागा नसते. सुपात आमसुलं, खाटेवर आंबोशी, गोणपाटावर मिठाच्या पाण्यातून काढलेली गवार. आढ्याला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या. ही आगोटीची बेगमी. पुढचे चार महिने आभाळ फाटलं तरी चूल थंड पडू नये म्हणून.

मुंबईतल्या दोस्तांनो, तुम्ही हिला 'आजीच्या हातची चव' म्हणता. म्हणा. पण माझी आजी चवीसाठी सुकवत नव्हती, भुकेला भिऊन सुकवत होती.

सुकवायला लागतं काय? ऊन, मीठ, अंगण आणि खाऊन उरलेला माल. ऊन फुकट. उरलेल्या मालाचं बोला. जमीन खोताची, पिकात त्याचा वाटा आधी. याच तालुक्यात चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं संप चालवला. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती मोडायचं बिल मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आमच्या आजीकडे तर कुळाचीही जमीन नव्हती. दुसऱ्याच्या शेतात वाल उपटायचे, कांदे काढायचे, आणि मजुरीत मिळायचे किडके वाल नि बोराएवढे कांदे. वाल निवडून, राखेत घोळवून मडक्यात. फणसाच्या आठळ्या मातीत माखून कोपऱ्यात. श्रावणात सावकाराच्या ओट्याखाली उभं राहायला लागू नये, एवढंच त्या मडक्याचं राजकारण.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या बचत गटानं हाच माल पिशव्यांत भरून बाजारात मांडला. एक बाई आल्या. आमसूल दाताखाली धरलं, मान डोलावली. मग विचारलं, "कुठल्या वाडीचं?" आईनं सांगितलं. पिशवी परत खाली. "येताना घेते हं." त्या काही आल्या नाहीत.

रात्री गटाची बैठक बसली. शिकलेली पोरं म्हणाली, वाडीचं नाव कशाला? नुसतं 'घरगुती कोकणी' छापू, माल खपेल. खपेलही. बायांना पैसा पाहिजे, पोरांच्या फिया भरायच्यात, हे मला कळतं. तरी माझा विरोध आहे.

महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, ते तहान लागली म्हणून नव्हे. नंतर सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. आता शेण-गोमूत्र लागत नाही. 'येताना घेते' एवढं पुरतं. आणि आपण नाव लपवलं की तेवढंही बोलायची तसदी त्यांना पडत नाही. आपली आमसुलं त्यांच्या आमटीत जाणार, आपण मात्र पिशवीच्या बाहेरच.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. आईनं वाळवलेली गवार सुकट घालून पावसाळाभर ओरपली, पण एकदा विळीवर बसलो नाही. अंगणात कंबर मोडायची बायांनी, अस्मितेवर भाषणं ठोकायची आपण! हे बंद करा. येत्या आगोटीला गावाला या. कैऱ्या चिरा, गोण्या उचला, आईला विचारून मिठाचं माप वहीत लिहून घ्या.

आणि पिशवीवर ठळक छापा : बौद्धवाडी. ज्याला घ्यायचं नाही त्यानं घेऊ नये. आपण का घेतलं नाही, हे त्याचं त्याला तरी कळू दे.