रेडिओला रिचार्ज कशाला?

‘आता सगळं ॲपवर आहे की!’ रेडिओचा विषय काढला की कुणीतरी हे ऐकवतंच. ऐकवणाऱ्याच्या घरात वायफाय असतं आणि खिशात फाइव्ह-जी. मी श्रीगोंद्यात राहतो. मला इंटरनेटचं वावडं नाही, हा लेखही मी फोनवरच टाइप केलाय. तरी सांगतो, रेडिओ-टीव्हीचं जाळं इंटरनेटवर जरूर न्या, पण टॉवरपासून माणसाच्या कानापर्यंतचा शेवटचा टप्पा हवेतूनच राहू द्या. आणि फुकटच राहू द्या.

कार्यक्रमाचे प्रवास दोन असतात. पहिला स्टुडिओपासून टॉवरपर्यंत. पूर्वी तो टेलिफोनच्या तारांवरून व्हायचा, मग उपग्रहावरून होऊ लागला. आता तो फायबरवरून, इंटरनेटच्या पद्धतीने करता येतो. खर्च कमी, एक वाट तुटली तर दुसरी तयार. श्रीगोंद्याच्या बाजारात लिंबाचे भाव पडले तर तिथूनच साध्या फोनवरून नगरच्या केंद्रावर थेट कार्यक्रम करता येईल. या बदलाला माझा विरोध नाही. उलट तो आधीच व्हायला हवा होता.

भांडण आहे ते दुसऱ्या प्रवासाबद्दल. टॉवरचं गणित सोपं असतं. ऐकणारा एक असो की एक लाख, वीजबिल तेवढंच. नवा श्रोता आला म्हणून कुणाला एक पैसाही जास्त पडत नाही. ॲपवर मात्र प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवावी लागते, म्हणून श्रोते वाढले की सर्व्हरचा खर्च वाढतो. ऐकणाऱ्याचा डेटा जातो तो वेगळाच. 64 केबीपीएसचा आवाज तासाला सुमारे 29 एमबी खातो. रोज तीन तास ऐकलं तर महिन्याला अडीच जीबीच्या वर. तुम्ही म्हणाल, एवढा तर मी रील बघण्यात एका दिवसात उडवतो. बरोबर. पण पॅक संपला की तुमच्या रीलबरोबर आबांच्या बातम्याही बंद होतात. टीव्हीचं तर विचारूच नका. दोन एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला 900 एमबी घेतो, म्हणजे दिवसाचा दीड जीबी पावणेदोन तासही पुरत नाही.

आमचा तालुका घोड आणि भीमेच्या काठाचा, उसाचा. शेतीची लाईट कैकदा रात्रीच असते. माझे चुलते रात्री बाराला मोटर चालू करून दारं धरायला जातात. बिबट्याची भीती, म्हणून बरोबर काहीतरी वाजतं असलेलं बरं. फोनची बॅटरी ते राखून ठेवतात, कारण काही झालं तर घरी कॉल लागला पाहिजे. उसात रेंज जाते, ॲपवरचं चाक फिरत राहतं. दोन सेलचा रेडिओ मात्र चालू असतो. त्यांना ॲप डाउनलोड करा म्हणणं ही आधुनिकता नव्हे, ती वशिलेबाजी आहे, ज्याच्याकडे आधीच आहे त्याची.

दुसरी गोष्ट सत्तेची. फेब्रुवारी 2024 मध्ये मराठा आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद केलं होतं. बीड आमच्या जिल्ह्याला लागूनच आहे. अफवा सर्वांत जोरात असतात तेव्हाच बातमीची गरज सर्वांत जास्त असते, आणि नेमकी तेव्हाच ॲपवरची बातमी एका आदेशाने गप्प होते. एफएमला इंटरनेट लागतच नाही.

‘पण रेडिओ ऐकतं कोण?’ जून 2023 मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचं ठरलं, तेव्हा एवढी ओरड झाली की निर्णय थांबवावा लागला. ती ओरड कोणी केली? स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओने 2024 च्या अखेरीस एफएम बंद केलं. श्रोते डिजिटलकडे वळतील असा हिशेब होता, पण बरेच श्रोते गमावले. श्रीमंत, रेंजवाल्या देशात ही गत, तर आमच्या उसाच्या पट्ट्यात काय होईल?

आणि ‘कोण ऐकतं’ हा प्रश्न फोन कंपन्यांनाही विचारा. कितीतरी फोनच्या चिपमध्ये एफएमची सोय असते, पण ती बंद करून फोन विकला जातो. 2023 मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांना एफएम चालू ठेवायला सांगितलं, पण तो सल्ला होता, सक्ती नव्हती. आधी दार बंद करायचं आणि मग म्हणायचं, कुणी येतच नाही!

इंटरनेटचं खरं काम वेगळं आहे. 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडक्यांचं ‘गीतरामायण’ आठवड्याला एक अशा गतीने सुरू झालं. हवेतून गेलेला आवाज हवेतच विरतो, तो पुन्हा ऐकायला इंटरनेटइतकी चांगली जागा नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वेव्ह्ज’ हे ॲप आणलं, ठीक केलं. जुनी भाषणं, श्रुतिका, शेतीचे कार्यक्रम तिथे ठेवा, सगळ्यांना मोकळे ठेवा. पण ॲप दाखवून टॉवर बंद करू नका. टॉवर लोकांच्या पैशाने उभे राहिलेत. ते बंद केल्यावर वाचलेला पैसा सरकारचा दिसेल, पण त्या जागी भरलेलं रिचार्ज शेतकऱ्याच्या खिशातून जाईल.

पुढचा फोन घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याच्या आधी एक प्रश्न विचारा: यात एफएम लागतो का? नाही म्हणाला तर दुसरा फोन दाखवायला सांगा.