आमचे कागद कोण वाचणार?

वऱ्हाडातल्या मुसलमानांचा इतिहास कुठे आहे, असे विचारले की आपल्यातले बरेच जण दिल्लीकडे नाहीतर हैदराबादकडे बोट दाखवतात. आमच्या मते त्यातला मोठा भाग आपल्याच घरातल्या ट्रंकेत आणि दर्ग्याच्या कोठीत पडून आहे, आणि दर पावसाळ्यात त्यातला थोडा थोडा रद्दीच्या तराजूवर जातो आहे. इतिहासकारांनी आपल्याला वगळले, ही तक्रार खरी आहे. पण तक्रार करणाऱ्याने आपला पुरावा तरी जपायला नको का?

हे आम्ही उंद्रीत बसून लिहीत आहोत. चिखली तालुक्यातले, खामगावच्या वाटेवरचे हे गाव. आपला बुलढाणा जिल्हा सरहद्दीचा. त्याच्या दक्षिणेला लागून असलेला जालन्याचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. वऱ्हाड मात्र 1853 च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा झाला, 1903 मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. धनी बदलले तसे दप्तरही विखुरले. काही हैदराबादला राहिले, काही नागपूरला गेले, काही मुंबईला, काही थेट लंडनला. आणि जे कुठेच गेले नाही, ते काझी, खतीब, मुजावर, इनामदार अशा घराण्यांत राहिले. सनदा, महजर, निवाडे, वक्फनामे; कुठे फारसी, कुठे मोडी, कुठे उर्दू.

या मुलखाचा इतिहास एका लिपीत कधी लिहिलाच गेला नाही. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात. तिथल्या लखुजी जाधवांची हयात निजामशाही आणि मोगल यांच्यामधल्या राजकारणात गेली आणि 1629 मध्ये दौलताबादला निजामशाही दरबारात त्यांची हत्या झाली. जिजाऊंच्या माहेरची ही हकीकत फारसी तवारिखा बाजूला ठेवून कोणी पुरी सांगू शकेल काय? साखरखेर्ड्याला 1724 मध्ये निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि आसफजाही राज्याचा पाया घातला. रोहिणखेडची सोळाव्या शतकातली मशीद आजही उभी आहे. तिच्यासमोरून जाणाऱ्या आपल्या किती मुलांना तिच्यावरचा शिलालेख वाचता येतो?

असे कागद गोळा करणारी माणसे या मुलखात होऊन गेली. एलिचपूरचे, म्हणजे आजच्या अचलपूरचे, अमजद हुसैन खतीब यांनी एकोणिसाव्या शतकात ‘तारीखे अमजदी’ लिहिली. इंग्रजांच्या गॅझेटियरकारांनाही तिचा आधार घ्यावा लागला. बुलढाण्याच्या यादव माधव काळे यांनी 1924 मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ प्रसिद्ध केला आणि दहा वर्षांनी ‘नागपूर प्रांताचा इतिहास’. अकोल्याच्या ‘वऱ्हाड समाचार’सारखी पत्रे या प्रांताची रोजची नोंद ठेवत होती. एक खतीब, एक काळे. दोघेही आपलेच. पण शाळेतल्या मुलाला यातले एक तरी नाव ठाऊक आहे का? प्रांताचा इतिहास लिहिणाऱ्याचीच ही गत, तिथे त्याच्या टिपणांना, पत्रांना आणि जमवलेल्या दप्तराला कोण विचारतो!

आता एक कडू गोष्ट. मराठी मुलखातले फारसी कागद वाचून छापण्याचे मोठे काम कोणी केले? पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात बसून ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’चे खंड काढले. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी आणि उर्दू साधने मराठीत आणली. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण ज्यांच्या आडनावातच काझी आणि खतीब आहे, त्या घरांतून असा एक तरी वाचक पुढे यायला हवा होता. फारसी मदरशातल्या चार पुस्तकांपुरती उरली, मोडी तर आपली नाहीच असे आपण धरून चाललो. वास्तविक गावच्या काझीचे वतन मोडीतही नोंदलेले असते.

‘जुन्या कागदांनी पोट भरत नाही’ असे सांगणारे आपल्यात आहेत. त्यांनी सरहद्दीपलीकडे पाहावे. 2023 मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि ज्या निजामी दप्तराला सगळे हसत होते त्यासाठी अधिकारी हैदराबादेपर्यंत गेले. तहसिलीतहसिलीत मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला. आरक्षणाच्या वादात आम्हाला इथे पडायचे नाही. एवढेच दिसते की एका समाजाने आपल्या हक्कासाठी उर्दू कागद धुंडाळले, आणि उर्दूला आपली म्हणणारे आपण आपले कागद उंदरांच्या हवाली केले.

आपल्यावर वेळ आली नाही असेही नाही. 2025 मध्ये वक्फ कायद्यात दुरुस्ती झाली. ‘वापराने वक्फ’ ही तरतूद पुढच्या काळासाठी काढली गेली, आणि 6 जून 2025 ला सुरू झालेल्या ‘उम्मीद’ पोर्टलवर नोंदलेल्या वक्फांचे तपशील भरण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. कायद्याविरुद्ध कोर्टात लढणारे लढत आहेत, त्यांनी लढावे. पण कोर्टातही शेवटी मुतवल्लीला विचारतात, कागद कुठे आहे? त्या वेळी ‘आजोबांच्या पेटीत होता’ हे उत्तर चालत नाही.

सरकारलाही आम्ही मोकळे सोडणार नाही. हैदराबादच्या अभिलेखागारात शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले लाखाहून अधिक कागद आहेत. दख्खनचा कारभार त्यात आहे, म्हणजे वऱ्हाडचाही आहे. महाराष्ट्राच्या विद्यापीठांनी त्यासाठी किती फारसी जाणकार तयार केले? औरंगजेबाच्या नावाने रस्त्यावर दंगल करायला माणसे मिळतात, त्याच्या काळचा एक महसुली कागद वाचायला मिळत नाहीत. अडाणीपणावर चालणारे राजकारण मोडायचे तर त्यासमोर वाचलेला कागदच ठेवावा लागेल.

आपल्या साहित्यिकांनाही दोन शब्द. 1990 मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला तीन तपे होत आली. कविता आल्या, कथा आल्या, आत्मकथने आली. आम्ही मराठी आहोत, हे आपण पुन्हा पुन्हा सांगितले. आता ते सिद्ध करणारे दप्तर मराठीत आणायचे काम राहिले आहे. उर्दूतले उर्दूतच ठेवून मराठी वाचकाने आपल्याला ओळखावे ही अपेक्षा चुकीची आहे.

काम अवघड नाही. प्रत्येक गावात मशीद कमिटीने एक वही करावी. कोणाच्या घरी कोणता कागद आहे, कोणत्या लिपीत आहे, एवढे लिहावे. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढावेत. कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. मूळ प्रत पावती घेतल्याशिवाय कोणालाही देऊ नये, तो कितीही मोठा संशोधक असो. तालुक्यातल्या दोन मुलांना, आणि मुलींनाही, मोडी आणि फारसी शिकायला पाठवावे. उरुसाच्या रोषणाईतले थोडे पैसे त्यांच्या शिक्षणाला द्यावेत. बाबांची खरी सेवा तीच ठरेल.

अमजद हुसैन खतिबांनी एलिचपुरात बसून आपल्या प्रांताची तवारीख लिहिली. ती लिहा म्हणून त्यांना कोणा सरकारने सांगितले नव्हते. पुढची तवारीखही आपल्यालाच लिहावी लागेल, आणि ट्रंक उघडल्याशिवाय ती लिहिता येणार नाही.