वेगाचा डोस किती?

संध्याकाळचे साडेसात. सत्तरी ओलांडलेले आजोबा आतल्या खोलीत पलंगावर बसून मोबाइलवर डॉक्टरांशी बोलत आहेत. वीस वर्षांचा मधुमेह. ‘तळपायांना मुंग्या येतात, आणि हल्ली चालताना...’ एवढ्यावर चित्र थिजते, आवाज तुटतो. पुन्हा जोडणी होते, पुन्हा तुटते. शेवटी डॉक्टर म्हणतात, ‘आहेत त्याच गोळ्या चालू ठेवा, पुढच्या आठवड्यात बोलू.’ चालताना काय होते, ते सांगायचे राहूनच जाते. दुसऱ्या दिवशी मुलगा ४० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २०० चा घेतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच!

हे घर काल्पनिक आहे, पण अशी घरे शहरांत गल्लोगल्ली सापडतील. इंटरनेट अडखळले की जास्त वेगाचा प्लॅन घ्यायचा, हा उपाय ताप आला की थेट अँटिबायोटिक घेण्यासारखा आहे. निदान कोणी केलेलेच नसते.

आधी गरज किती, ते पाहायला हवे. दोघांमधल्या व्हिडिओ कॉलला दीड-दोन एमबीपीएस पुरतात. चित्र अगदी स्वच्छ हवे तर तीन-चार. मोठ्या टीव्हीवर एचडी चित्रपटाला पाच आणि फोर-केला साधारण पंधरा. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली, ती किमान दोन एमबीपीएस अशी. म्हणजे चौघांच्या घरात एक चित्रपट पाहतो आहे, एकाचा ऑनलाइन वर्ग चालू आहे, एक ऑफिसच्या मीटिंगमध्ये आणि आजोबा डॉक्टरांशी बोलत आहेत, असे सगळे एकाच वेळी धरले तरी बेरीज पंचवीसच्या पुढे सहसा जात नाही. ४० एमबीपीएस खरोखर मिळत असतील, तर ते पुरेसे आहेत. पॅरासिटामॉलची एक गोळी ताप उतरवते. दोन घेतल्या म्हणून तो दुप्पट उतरत नाही. वेगाचेही तसेच आहे. शून्यावरून दहावर जाण्यात मोठा फायदा, दहावरून चाळीसवर जाण्यात थोडा, आणि चाळीसवरून दोनशेवर जाण्यात बहुतेक घरांना काहीच जाणवत नाही.

मग आजोबांचा कॉल का तुटला? राउटर होता बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या मागे. आजोबांचा पलंग दोन भिंती पलीकडे आणि मध्ये कपड्यांचे लोखंडी कपाट. वाय-फायच्या लहरींना धातू चालत नाही आणि सिमेंट-काँक्रीटच्या भिंतीतून त्या क्षीण होऊन बाहेर पडतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो. २.४ चा लांब जातो, पण त्याच पट्ट्यात शेजारच्या दहा घरांचे राउटर आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही असतो. शिवाय बोलण्यासाठी वेगापेक्षा विलंब महत्त्वाचा. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषण सहज वाटते. फार उशीर होऊ लागला की दोघे एकदम बोलतात आणि दोघेही थांबतात. कंपनीला जास्त पैसे दिल्याने घरातले लोखंडी कपाट बाजूला होत नाही. मोबाइलवर वेग मोजायच्या दोन चाचण्या कराव्यात, एक राउटरशेजारी उभे राहून आणि दुसरी पलंगावर बसून. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर दोष घरात आहे, प्लॅनमध्ये नाही.

आता पैशांचे. दोन प्लॅनमध्ये महिन्याला ४०० रुपयांचा फरक धरला, तर १८ टक्के जीएसटीसह ४७२ होतात आणि वर्षाचे ५,६६४. या रकमेत दंडावर बांधायचे डिजिटल रक्तदाबयंत्र, ग्लुकोमीटर आणि वर्षातून चार वेळा एचबीए१सीची तपासणी साधारणपणे बसते. २०० एमबीपीएस आहेत पण रक्तदाब मोजायचे यंत्र नाही, अशा घरातल्या मधुमेह्याने हा हिशेब एकदा मांडावा. बरे, वरच्या प्लॅनमध्ये बहुतेकदा मनोरंजनाच्या ॲपची वर्गणी जोडून दिलेली असते. पैसे वेगाचे वाटतात, पण प्रत्यक्षात ते मालिकांचेही असतात.

या मालिकांमुळे झोपेचा प्रश्न येतो. वेगवान इंटरनेटने झोप जाते, असे सरसकट म्हणणे मात्र खरे नाही. रात्री दोनपर्यंत जागायला पाच एमबीपीएस पुरतात. पण पूर्वी चित्र अडकायचे, गोल चक्र फिरत राहायचे आणि माणूस कंटाळून दिवा मालवायचा. तो आपोआप लागणारा ब्रेक आता गेला. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. रक्तातली साखर हाताळण्याची त्यांची क्षमता तेवढ्यात लक्षणीय घटली. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ते तरुण होते, निरोगी होते. पन्नाशीतल्या मधुमेह्याला असे प्रयोग दर शनिवार-रविवार परवडणारे नाहीत.

काहींना मात्र वेग हवाच. घरून सीटी स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट घ्या. ५०० मेगाबाइटचा एक स्कॅन ४० एमबीपीएसवर उतरायला सुमारे १०० सेकंद लागतात, २०० वर २०. पक्षाघातात उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला मेंदूतल्या सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. तिथे ८० सेकंदांचे पैसे मोजलेच पाहिजेत. दिवसभर मोठ्या फाइल वर चढवणाऱ्यांचेही तसेच. आणि ज्या गावात आजही मोबाइलच्या एका कांडीवर भागवावे लागते, तिथे पहिली धड जोडणी मिळणे हा आरोग्याचाच प्रश्न आहे. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. पण मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार काही औषधे पहिल्याच सल्ल्यात लिहून द्यायची, तर तो सल्ला व्हिडिओवर झालेला असावा लागतो. तिथे नुसत्या फोनवर काम भागत नाही.

बाकीच्यांनी आधी राउटर कपाटातून काढून घराच्या मध्यावर, उंच, मोकळ्या जागी ठेवावा. तरीही एखादी खोली कोरडी राहिली तर तिथपर्यंत केबल ओढावी किंवा सिग्नल पुढे नेणारे उपकरण घ्यावे. खर्च एकदाच होतो. वीज वारंवार जात असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस घ्यावा. फायबर कितीही वेगवान असो, दिवे गेले की तोही गप्प.

त्या घरात राउटर मधल्या खोलीतल्या फळीवर आला आणि प्लॅन पुन्हा ४० चा झाला. पुढच्या कॉलमध्ये आजोबांचे वाक्य पूर्ण झाले: ‘चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही.’ संवेदना गेलेल्या पायाची ही खूण. पायाला स्पर्श कळतो का, ते कोणत्याही वेगाच्या इंटरनेटवरून तपासता येत नाही. डॉक्टरांनी विचारले, ‘उद्या सकाळी दवाखान्यात येऊ शकाल? येताना नेहमीच्या चपला घालूनच या, त्याही बघायच्या आहेत.’