मोठी गोळी हत्तीला खरंच ‘लोळवते’ का?

२०२४च्या भीषण दुष्काळात नामिबियाने ७२३ वन्यप्राणी मारून त्यांचे मांस भुकेल्या लोकांना वाटायचे ठरवले. त्यात ८३ हत्ती होते. पाठोपाठ झिम्बाब्वेने २०० हत्तींची घोषणा केली. त्याच वर्षी जर्मनीत शिकारीच्या ट्रॉफींची आयात आवळण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा बोत्सवानाचे तत्कालीन अध्यक्ष मोकग्वेत्सी मासिसी यांनी वीस हजार हत्ती जर्मनीलाच पाठवून देण्याची धमकी दिली. हत्ती मारावेत की नाही, यावर तेव्हापासून भरपूर शाई खर्ची पडली आहे. तो मारला नेमका कसा जातो, यावर मात्र फारसे कुणी बोलत नाही. खरे तर जनावराचे हाल, माग काढणाऱ्या माणसाचा जीव आणि मांस खाणाऱ्याचे आरोग्य या तिन्ही गोष्टी तिथेच ठरतात.

झिम्बाब्वेचा नियम सांगतो की हत्ती, रानरेडा, पाणघोडा यांच्यासाठी गोळीचा व्यास किमान ९.२ मिलिमीटर आणि नळीतून सुटतानाची ऊर्जा किमान ५,३०० जूल हवी. एके-४७च्या गोळीत साधारण २,००० जूल असतात. यासाठीची जुनी, नावाजलेली काडतुसे बहुतेक ब्रिटिश. रिग्बी कंपनीचे १८९८ चे ‘.४५० नायट्रो एक्स्प्रेस’, तिचेच १९११ चे ‘.४१६’, हॉलंड अँड हॉलंडचे १९१२ चे ‘.३७५’. आकडे नळीच्या व्यासाचे, इंचात. ‘.४५०’ची गोळी ३१ ग्रॅमची, वेग सेकंदाला ६५५ मीटर, ऊर्जा सुमारे ६,७०० जूल.

आकडा दणदणीत वाटतो. पण सत्तर किलोचा माणूस तीन मजले चढतो, तेव्हा साधारण एवढीच ऊर्जा लागते. आणि शिकारकथांत गोळी हत्तीला ‘लोळवते’, ते तर न्यूटनला मान्यच नाही. धक्का मोजायचा तो संवेगाने, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाने. हिशेब केला तर ही गोळी सहा टनी हत्तीला सेकंदाला जेमतेम साडेतीन मिलिमीटर सरकवू शकेल. गोगलगायीची चाल! धक्क्यानेच हत्ती पडत असता, तर तेवढाच उलटा धक्का खाऊन शिकारी आधी उताणा पडला असता.

मग हत्ती कोसळतो कशाने? गोळी मेंदूपर्यंत पोहोचली तरच तो जागच्या जागी कोसळतो. हत्तीचा मेंदू चार-पाच किलोचा, पण त्या अवाढव्य कवटीत तो पार मागे दडलेला. पुढचे हाड मधाच्या पोळ्यासारखे पोकळ्यांनी भरलेले. ते पार करताना गोळी चपटी होता कामा नये, वळता कामा नये. म्हणून ती लांबट, जड आणि न फुटणारी हवी. स्कॉटिश शिकारी ‘करामोजो’ बेलने हत्तींच्या कवट्या करवतीने कापून मेंदूची जागा अभ्यासली आणि हजारांहून अधिक हत्ती मारले, त्यातले बरेचसे सात मिलिमीटरच्या हलक्या रायफलीने. (तो आकडा आज वाचताना अंगावर काटा येतो, ते वेगळे.) आजच्या झिम्बाब्वेत त्याची ती रायफल बेकायदा ठरेल, आणि ते योग्यच आहे. नियम बेलसाठी नसतो, नेम चुकणाऱ्यासाठी असतो.

कारण नेम चुकतोच. रानरेड्याचे हृदय फुटले तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो. तेवढ्या वेळात तो शंभर मीटर धावून अंगावर येतो. अशा वेळी जाड गोळी खांद्याचे हाड मोडून आत खोल शिरते, हाच तिचा उपयोग. किंमतही आहे. पाच किलोची दुनळी रायफल सेकंदाला पाचेक मीटर वेगाने खांद्यावर आदळते. या धक्क्याच्या भीतीने पाहुणा शिकारी घोडा दाबण्याआधीच डोळे मिटतो, हात हलतो आणि जनावर जखमी होऊन झाडीत जाते. मग त्याच्या मागावर आत शिरतात ते स्थानिक वाटाडे.

या काडतुसांच्या घडणीत आपल्याकडच्या उन्हाचाही हात आहे. कॉर्डाइट ही तेव्हाची बिनधुराची दारू उष्णतेने जास्त दाब निर्माण करी. इंग्लंडच्या थंडीत ठीक चाललेले काडतूस भारतात किंवा आफ्रिकेत नळीत अडकून बसे, तेही समोर जनावर असताना. उपाय म्हणून पितळी नळकांडे लांब ठेवून दाब कमी राखला. १९५६ च्या ‘.४५८ विंचेस्टर’ने ही जागा वाचवायला दारू दाबून भरली, आणि ती साठवणीत गोळा होऊन बार नरम पडल्याच्या तक्रारी आल्या. ‘.४७०’ लोकप्रिय होण्यामागे तर सरळ राजकारण आहे. बंडखोरांच्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना दारूगोळा मिळेल या धास्तीने ब्रिटिशांनी १९०७ मध्ये भारतात आणि सुदानमध्ये ‘.४५०’वर बंदी घातली. बंदूकवाल्यांनी व्यास जरासा वाढवला, झाले.

व्यास आणि जूल यांवर शंभर वर्षे काथ्याकूट झाला. धातूचा प्रश्न मात्र मागे राहिला. हत्तीसाठीची ठोस गोळी सहसा फुटत नाही. पण रानरेडा आणि हरणांसाठी वापरतात ती मऊ टोकाची शिशाची गोळी आत शिरल्यावर फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून दूरवर मांसात पसरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, शिजवून जात नाहीत. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूला धोका सर्वाधिक. दुष्काळात वाटलेल्या मांसाचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

माणसाआधी याचा फटका गिधाडांना बसला आहे. बोत्सवानात पाचशेहून अधिक पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे तीस टक्क्यांत शिसे वाढलेले आढळले. शिकारीच्या हंगामात आणि शिकारीच्या क्षेत्रात प्रमाण जास्त होते. डायक्लोफेनॅकने आपली गिधाडे कशी संपत गेली, हे पाहिलेल्यांना हा इशारा वेगळा समजावून सांगायला नको.

कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला बंदी आहे. ब्रिटननेही २०२५ मध्ये तसे निर्बंध जाहीर केले. अखंड तांब्याच्या किंवा पितळेच्या गोळ्या ‘.३७५’पासून ‘.४७०’पर्यंत या सगळ्या जुन्या काडतुसांसाठी मिळतात. एका हत्तीसाठी हजारो डॉलर मोजणाऱ्या पाहुण्याला त्यांचा जादा खर्च जाणवणारही नाही. परवान्यावर व्यास आणि जूल यांच्या शेजारी धातूचा एक रकाना वाढवायचा आहे, इतकेच.