'चांगले' कोलेस्टेरॉल बाटलीत मिळत नाही

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की हल्ली बहुतेक घरांत एकाच ओळीवर बोट थांबते. एकूण कोलेस्टेरॉल हद्दीत, साखर बरी. पण 'एचडीएल' कमी. पुरुषांत हा आकडा 40 मिलिग्रॅमच्या आणि स्त्रियांत 50 च्या खाली असला, तर तो कमी मानतात. हेच ते 'चांगले' कोलेस्टेरॉल, असे कुणीतरी सांगते. चांगले आहे तर वाढवले पाहिजे, हा हिशोब सरळ वाटतो आणि पाय मेडिकल दुकानाकडे वळतात. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, नायसिन, ई आणि क जीवनसत्त्व, लसणाच्या गोळ्या अशी पिशवी घरी येते. महिन्याच्या किराण्यातला एक हिस्सा तिच्यात जातो.

हा प्रश्न मोजक्या घरांपुरता नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या मधुमेह पाहणीतील रक्तातील चरबीविषयीचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगडबरोबर आपला महाराष्ट्रही होता. तपासलेल्यांपैकी 72.3 टक्के लोकांचे एचडीएल कमी निघाले. 'वाईट' म्हणून बदनाम असलेले एलडीएल वाढलेले लोक मात्र 11.8 टक्केच होते. म्हणजे मोहल्ला कोणताही असो, या आकड्यापुढे सगळी घरे सारखीच आहेत.

एचडीएलचे काम मोठे छान आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साठलेले जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत नेणाऱ्या गाड्यांपैकी ती एक. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात 1948 पासून चाललेल्या हृदयरोगाच्या अभ्यासात, ज्यांचे एचडीएल कमी त्यांना हृदयविकार जास्त, असे 1977 मध्ये ठळकपणे दिसले. मग औषधाने ते वाढवले तर विकार टळेल, असे वैद्यकशास्त्रालाही वाटू लागले. हा विचार चूक होता असे नाही. तो तपासून पाहणे बाकी होते.

तपासणी झाली आणि निकाल उलटा लागला. नायसिन म्हणजे ब-3 जीवनसत्त्व. त्याची रोजची गरज पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ती शेंगदाणे, डाळी, मासे, कोंबडी यांतून भागते. एचडीएल वाढवण्यासाठी मात्र ते दिवसाला दीड-दोन ग्रॅम, म्हणजे गरजेच्या शंभरपटीहून अधिक द्यावे लागते. अमेरिकेत आणि कॅनडात 3,414 रुग्णांवर असा प्रयोग झाला. आकडा वाढला, हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. 2011 मध्ये प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. त्यानंतर 25 हजारांहून अधिक रुग्णांच्या दुसऱ्या प्रयोगाचा निकाल 2014 मध्ये आला. तिथेही फायदा दिसला नाही. उलट मधुमेह, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग वाढले. त्याआधी 2006 मध्ये टॉरसेट्रॅपिब या औषधाने एचडीएल 70 टक्क्यांहून अधिक वाढवले होते. औषध घेणाऱ्यांतच मृत्यू जास्त होऊ लागले आणि ते बंद झाले. 2012 मधील एका आनुवंशिक अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: एका जन्मजात जनुकीय फरकामुळे ज्यांचे एचडीएल जास्त असते, त्यांनाही झटके काही कमी येत नाहीत.

मग कमी एचडीएल बिनमहत्त्वाचे? मुळीच नाही. तो शेजारच्या घरातला धूर आहे. धूर दिसला की आग शोधायची असते. धुराला पंख्याने वारा घालून काही होत नाही. सुटलेले पोट, वाढलेले ट्रायग्लिसराइड, बैठे काम, तंबाखू, मैदा आणि साखर ही त्या धुरामागची आग. ती विझवली की आकडाही थोडा वर येतो आणि हृदयाचाही फायदा होतो. आकडा वाढवणारी प्रत्येक गोष्ट हिताची नसते, हेही ध्यानात ठेवावे. दारूने एचडीएल थोडे वाढते. त्यासाठी कोणताही शहाणा डॉक्टर दारू सुचवणार नाही. तुपाने ते वाढते, पण सोबत एलडीएलही वाढते.

कोणत्या गोष्टींनी खरोखर फरक पडतो, ते साधे आहे. विडी-सिगारेट सोडली की एचडीएल काही आठवड्यांतच वर येऊ लागते. रोज अर्धा तास दमदार चालणे, वाढलेले वजन हळूहळू उतरवणे, मैदा-साखर आणि पांढरा भात कमी करून त्या जागी ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, पालेभाजी घेणे यांनी ट्रायग्लिसराइड उतरते. मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड, जवसाची चटणी, बांगडा-तारली हे महागड्या कॅप्सूलपेक्षा स्वस्तही आहेत आणि पोट भरणारेही. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते. असा दुहेरी घाव घालणारी चरबी दुसरी नाही. देशात तेल-तुपातील तिचे प्रमाण 2022 पासून दोन टक्क्यांवर आणले गेले आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवण्यावरही नियम आहे. पण कोपऱ्यावरच्या कढईतले तेल किती काळे झाले, हे गिऱ्हाइकालाच पाहावे लागते.

रमजानचा महिना या बाबतीत मोठी संधी आहे आणि मोठा धोकाही. रोजाच्या काळात एचडीएल किंचित वाढल्याचे काही अभ्यासांत दिसले, काहींत नाही. सूर्यास्तानंतर ताटात काय येते, यावर बरेच अवलंबून असावे. दोन-तीन खजूर, पाणी, फळे, मग डाळ-भाकरी किंवा मटणाचा साधा रस्सा, हा एक इफ्तार. भजी, समोसे, लाल सरबताचे तीन ग्लास आणि वर फिरनी, हा दुसरा. दिवसभराच्या संयमाचा हिशोब दुसरा इफ्तार अर्ध्या तासात चुकता करतो. यात कुणी कुणाला हसण्यासारखे काही नाही. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण मराठीत उगीच आली नाही; साबुदाणा, बटाट्याचे वेफर्स आणि तळलेल्या पदार्थांचा उपवास नवरात्रातही रंगतोच.

संधी कोणती, तर तंबाखूची. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत जो माणूस विडी, गुटखा, सिगारेटला हात लावत नाही, त्याने दिवसातले तेरा-चौदा तास जिंकलेलेच असतात. उरलेल्या काही तासांसाठी घरच्यांची साथ आणि गरज पडल्यास डॉक्टरांची मदत मिळाली, तर महिन्याच्या शेवटी ईदच्या शीरखुर्म्याहून मोठी भेट घरात येईल.

एक इशारा मात्र हवाच. 'नैसर्गिक' गोळ्या सुरू केल्या म्हणून डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन किंवा रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नये. झटका येऊन गेलेल्या माणसाला ही चूक महागात पडू शकते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर रोजा असो वा निर्जळी उपवास, आधी डॉक्टरांशी बोलूनच वेळा आणि मात्रा ठरवाव्यात. जीवनसत्त्वाची खरी कमतरता तपासणीत निघाली, तर ती जरूर भरून काढावी; तो उपचार आहे. अहवालातल्या एका आकड्याला घाबरून बाटल्या गोळा करणे हा खर्च आहे. त्याच पैशांत घरात शेंगदाणे, फळे आणि चांगल्या चपलांचा एक जोड येतो. आणि चपला आल्या की चालायलाही निघता येते.