गाडी लावायला जागा नाही!

चकलीचा पहिला तुकडा मोडला की आमच्या घरी दर दिवाळीला एक वाक्य ठरलेले असते. पुण्याहून आलेला भाचा बोटे झटकत म्हणतो, "मामा, तुमचा सातारा बाकी झकास, पण राजपथावर गाडी लावायला जागा नाही!" त्यावर सगळी पंगत माना डोलावते. मुंबईची मेहुणी डोलावते, कोल्हापूरचे साडू डोलावतात, आणि यजमान म्हणून मीही आजवर डोलावत आलो. फराळाच्या ताटावर पाहुण्याशी वाद घालू नये, हा आमच्या घरचा शिरस्ता आहे.

यंदा तो मोडतो. तोंडाने मोडण्याचा धीर नाही, म्हणून लेखणीने. भाचा म्हणतो ते साफ खोटे आहे. साताऱ्यात गाडी लावायला जागा भरपूर आहे. किंबहुना गाडी लावायलाच तेवढी आहे. चालायला नाही.

हे बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढे चित्रकलेचा कोर्स. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या. पण तेवढ्याने कोणी नगररचनाकार होत नाही. मात्र मोजपट्टी मला धरता येते आणि मुलांची चित्रे वाचता येतात. माझे सारे भांडण या दोन गोष्टींतूनच निघाले आहे.

एलिमेंटरीच्या मुलांना स्मरणचित्रासाठी मी 'आमचा बाजार' हा विषय दिला होता. आमच्या लहानपणी या विषयाला भाजीच्या टोपल्या, पटकेवाला शेतकरी आणि कोपऱ्यात एक टांगा, असा बेत ठरलेला असे. या पोरांनी गाड्या काढल्या. मोटारी, स्कूटर, बुलेट. रंग, नंबरप्लेट सगळे तपशीलवार. एका मुलीच्या कागदावर तर एकही माणूस नव्हता. मी विचारले, "अगं, एवढा बाजार काढलास, माणसं कुठं आहेत?" ती म्हणाली, "गाड्यांच्या पलीकडं आहेत सर. दिसत नाहीत." यथार्थदर्शनाचे इतके अचूक उदाहरण मला नोकरीत दुसरे आढळले नाही. तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

आता मोजपट्टी. एक मोटार उभी करायला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या बाईला एक चौरस मीटर पुरतो. त्या एका मीटरासाठी ती सकाळपासून हाकलली जाण्याच्या भीतीत बसते. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी कायदा झाला, तरी तिची भीती गेलेली नाही. आणि साडेबारा मीटर अडवणाऱ्याला कोणी "उठा" म्हणत नाही. तो तिथे नसतोच! तो आत शालू पाहत असतो. गावातली सगळ्यांत महाग जमीन आपण एका निर्जीव वस्तूला फुकट दिली आहे, आणि तीतून पोट भरणाऱ्या माणसाला मात्र अतिक्रमण म्हणतो.

दुसरे गणित एसटीचे. एसटीत चाळीस-बेचाळीस माणसे बसतात. तीच माणसे दोघादोघांनी मोटारीत बसवा: वीस मोटारी झाल्या. एकीला एक चिकटवून उभ्या केल्या तरी शंभर मीटर रस्ता संपला. राजपथ शंभर मीटरांनी लांब करायची विद्या अजून निघालेली नाही. शाहू महाराजांच्या वेळी या पेठा वसल्या तेव्हा मोटार कोणाच्या स्वप्नातही नव्हती. तो दोष महाराजांचा नव्हे, तसा पेठांचाही नव्हे. २०२१ साली पोवई नाक्यावर भुयारी रस्ते सुरू झाले. नाक्यावरची कोंडी त्यासाठी फोडली, ते ठीकच. पण भुयारातून लवकर सुटलेली गाडी शेवटी यायची कुठे? राजपथावरच. आणि तो आहे तेवढाच आहे.

वाचकहो, एवढ्यावर हा नुसता हिशेब राहिला असता. पण गेल्या वर्षी श्रावणात आई मोती चौकाच्या अलीकडे पडली. वय अठ्ठ्याहत्तर, हातात फुलांची पुडी. पदपथावर कोणाची तरी स्कूटर आडवी लावलेली होती, म्हणून ती रस्त्यावर उतरली. उतरताना पायरी चुकली. कोणी धडक दिली नाही, कोणी पळून गेले नाही; पोलिसात लिहून द्यावे असे काहीच घडले नाही. मनगट मोडले, इतकेच. दवाखान्यात प्लास्टर वाळेपर्यंत त्या स्कूटरवाल्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार करीत होतो. संध्याकाळी माझी स्वतःची गाडी आणायला परत गेलो, तर ती औषधांच्या दुकानापुढे पदपथावर उभी होती. तशीच आडवी. सकाळी आईची औषधे घ्यायला "दोन मिनिटांसाठी" म्हणून मीच लावली होती.

तेव्हापासून "लोकांना शिस्त नाही" हे वाक्य मला उच्चारता येत नाही.

मनगट जुळले. पण आई बाजारात जायची थांबली. भाजी आता मी आणतो आणि ती नापसंत करते. शेपू जून निघतो, वांगी किडकी निघतात. ते मला ऐकून घ्यावे लागते आणि मी ते आनंदाने ऐकतो. मात्र पूर्वी तिला मोती चौकापर्यंत जाऊन यायला दोन तास लागत. त्यातला दीड तास बोलण्यात जाई. त्या दीड तासाची भरपाई मला भाजीच्या पिशवीतून आणता येत नाही.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर चालणारी बत्तीस हजारांहून अधिक माणसे वाहनांखाली गेली. आईसारखी नुसती पडलेली त्यांत धरलेली नाहीत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अडथळ्याविना पदपथावरून चालणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पदपथावर मोकळी जागा निदान १.८ मीटर हवी, हेही भारतीय रस्ते परिषदेने फार पूर्वी लिहून ठेवले आहे. कागदावर आपण कोणाला हार जाणार नाही!

याविषयी आमच्या एका कापडदुकानदार मित्राशी मी बोललो. तो उसळलाच. "मास्तर, गाड्या बंद केल्या तर गिऱ्हाईक येईल कशानं? उडत?" मी म्हटले, "सकाळी दहाला तुझ्या दारात पहिली गाडी लागते ती कोणाची?" तो गप्प बसला. ती त्याची होती. ती रात्री दुकान बंद होईस्तोवर हलत नाही, आणि तिच्या मागे त्याचे काचेचे कपाट दिवसभर झाकलेले असते. गिऱ्हाईक मोटारीत बसून खरेदी करीत नाही. खरेदी पायांवर उभे राहूनच होते. पुण्यात लक्ष्मी रस्त्याचा एक भाग २०२१ पासून डिसेंबरात एक दिवस पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवू लागले. भाच्याने तिथे लेकराला खांद्यावरून खाली उतरवून चालवले आणि त्याचे फोटो मला पाठवले. साताऱ्यात मात्र त्याला दुकानाच्या उंबऱ्याशी गाडी हवी!

कोणी म्हणतात, बहुमजली वाहनतळ बांधा. जरूर बांधा, पण त्याचे भाडे गाडीवाल्याकडून घ्या आणि तेवढ्याच गाड्या रस्त्यावरून उठवा. नाहीतर आहेत त्या तशाच राहतील आणि नव्या जागेच्या आशेने आणखी येतील. पाटावर जागा रिकामी दिसली की पंगतीला माणूस वाढतोच.

आणि चालायची आपल्याला सवय नाही, हे तर कोणी सांगूच नये. कासच्या पठारावर फुले येतात तेव्हा हीच पुण्या-मुंबईची मंडळी गाडी लांबच्या तळावर ठेवतात, तिचे पैसे देतात, बसमधून पुढे जातात आणि चिखलातून मुकाट्याने चालतात. का? तर फुले तुडवली जाऊ नयेत. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच अडतात, तरी तिथली हॉटेले ओस पडलेली नाहीत. कासच्या फुलांना जो मान आहे तो फुलांची पुडी घेऊन चालणाऱ्या म्हातारीला का नसावा, एवढेच मला विचारायचे आहे.

मला काही पॅरिस नको. पोवई नाक्यापासून राजवाडा जेमतेम दोन किलोमीटर. एसटी स्टँडापासून राजवाड्यापर्यंत लहान बस सोडा. अशी की जिचे वेळापत्रक पाहावे लागू नये, एक चुकली तर दुसरी दिसावी. मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीचे तिकीट निम्मे झाले. खेड्यातली बाई निम्म्या तिकिटात स्टँडावर उतरते आणि तिथून पुढे रिक्षाला वाचलेले पैसे घालवते. राजपथावर गाडी उभी करायची तर तासावर भाडे लावा, दुसरा तास पहिल्यापेक्षा महाग. मालाचे टेम्पो सकाळी लवकर येऊन जाऊ देत. ज्यांना चालताच येत नाही त्यांची गाडी दारापर्यंत येऊ दे. त्यासाठीच बाकीच्यांच्या गाड्या दारातून हलल्या पाहिजेत. आणि भाजीवाल्या बाईचा एक चौरस मीटर खडूने नव्हे, रंगाने आखून द्या. आखायला मी येतो. ब्रश माझा.

यंदा पाडव्याचे कंदी पेढे आणायला आई मोती चौकात येणार आहे. मी तिचा हात धरणार, भाचा पिशवी धरणार, आणि आम्ही तिघे चालत जाणार. भाच्याला हे अजून माहीत नाही. त्याच्या गाडीची किल्ली मी आदल्या रात्रीच लपवणार आहे. कुठे ते इथे लिहीत नाही. हा अंक तोही वाचतो.